मिसळणाच्या डब्यात पाच किल्ल्या

"पाच! रुचा, पाच! पाचाला पाच!"

सुधी खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका स्प्रिंगच्या वर्कशॉपच्या माडीवर आमचं ऑफिस आहे आणि त्याचं छत इतकं ठेंगणं, की खुर्चीवर चढलेला माणूस थेट पंख्याच्या पात्यांत जातो. म्हणून मी आधी पंखा बंद केला आणि मग आनंद केला. लग्नाला सात वर्षं झाली की हा क्रम आपोआप अंगवळणी पडतो.

समोर पडद्यावर पाच नावं होती आणि पाचही नावांपुढे हिरवा ठिपका. मी टेबलावर थाप मारली, सुधीला खाली ओढलं आणि त्या कोंदट खोलीत आम्ही दोघांनी चक्क फुगडी घातली. खालच्या वर्कशॉपमधून कुणीतरी तमिळमध्ये विचारलं, भिंत पडतेय का म्हणून. पडली असती तरी मला चाललं असतं.

कासू म्हणजे तमिळमध्ये नाणं. सुधींद्रनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, या नावाचं एक डिजिटल नाणं काढलं, त्याला आता सहा वर्षं झाली. अंबत्तूरमध्ये एक जण स्प्रिंग वळवतो, दुसरा तिला मुलामा चढवतो, तिसरा ती खोक्यात भरतो, आणि तिघंही एकमेकांच्या बिलांची वाट बघत महिनोन्‌महिने ताटकळतात. कासूमुळे हे ताटकळणं संपलं. काम झालं की मोबाइलवर कासू आलं, पुढच्या माणसाला गेलं. हळूहळू सगळी वसाहत त्यावर चालायला लागली. इथवर सगळं छान होतं.

पण कासूची एक मुख्य किल्ली होती. किल्ली म्हणजे पेन ड्राइव्हएवढं एक यंत्र. ती ज्याच्याकडे, त्यानं नवं कासू काढावं, कुणाचं खातं गोठवावं, झालेला व्यवहार उलटा फिरवावा. ती सुधीच्या गळ्यात असायची, काळ्या दोऱ्यात. आमच्या घरात माझ्या गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या गळ्यात अंबत्तूर. माझ्या वडिलांच्या साठीशांतीत होमासमोर बसून या माणसानं कुणाचं तरी अडकलेलं पेमेंट सोडवलं होतं. महाबळेश्वरच्या घाटात रेंज जाते म्हणून आम्ही वाईतून परत फिरलो होतो. मी साताऱ्याची, मला त्याचा राग येणारच. मला नवरा हवा होता, आणि तो कुणीच नसलेला हवा होता. कुणाचा संस्थापक नाही, कुणाचा 'सुधी सर' नाही. नुसता सुधी.

यंदा त्याला स्वतःलाच ते हवंसं झालं, आणि त्याला कारण झाली भीती. सरकार कडक नियम आणणार, ही बातमी दर आठवड्याला नवे कपडे घालून यायची. मग कुठल्याशा शहरातल्या एका छोट्या नाण्याच्या मालकाला चौकशीला नेलं आणि त्याच दिवशी ते नाणं बंद पडलं, असं ऐकलं. मालक आठवड्यानं सुटून आला, नाणं काही परत आलं नाही. सुधी हादरला. नियमांचं त्याला वावडं नव्हतं, कर तो बिनबोभाट भरायचा. पण एका माणसाला उचललं की हजार माणसांचं काम थांबतं, हे त्याला तेव्हा दिसलं.

म्हणून त्यानं पाच नव्या किल्ल्या बनवल्या आणि पाच जणांना दिल्या. पाचांपैकी कुठलेही तीन जण हो म्हणाले तर गोष्ट होईल, नाहीतर नाही. त्याचे काका बालाजीराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. अण्णा नगरला दाताचा दवाखाना चालवणारी त्याची मामेबहीण हरिणी. तांबरमचा मित्र प्रतापसिंह. अंबत्तूरची कामाक्षी, जिचं मुलाम्याचं वर्कशॉप आहे. आणि आमच्या ऑफिसखालचा स्प्रिंगवाला वेंकट. पाचही नव्या किल्ल्या नीट चालायला लागल्या की सुधीच्या गळ्यातली जुनी किल्ली कायमची मोडायची, असं ठरलं होतं.

त्या शनिवारी दुपारी झाली ती त्याचीच परीक्षा. आधी न सांगता पाचांना निरोप गेला, आपापल्या ठिकाणाहून तासाभरात होकाराचं बटण दाबा. परीक्षक होता बंगळूरचा गिरिधर. संशय घेणं हा त्याचा धंदा आणि त्यात तो वाकबगार. दुसऱ्या दिवशी, रविवारी चार वाजता, वर्कशॉपवाल्यांच्या संघाची सभा होती. कासूची सत्ता खरंच पाच जणांत वाटली गेली आहे असं गिरिधरनं लिहून दिलं तर संघ कासूवर राहणार होता. नाहीतर सोमवारपासून सगळे बाहेर पडणार होते. आणि तसं झालं असतं तर सुधी त्या दोऱ्यासकट उरलेलं आयुष्य घालवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गिरिधरचा फोन आला तेव्हा माझी फुगडीची धाप अजून बसायची होती.

"सुधींद्र," तो मराठीतच बोलायचा, मूळचा बेळगावचा, "मला मूर्ख समजतोस का?"

"का? पाच आले ना!"

"आले ना. एकापाठोपाठ एक, एकाच वायफायवरून. गेल्या महिन्यात तू माझ्याशी व्हिडिओवर बोललास ते याच कनेक्शनवरून. पाचही किल्ल्या तूच ठेवून घेतल्यास आणि तूच दाबल्यास. मग हा वाटपाचा तमाशा कशाला?"

सुधीनं माझ्याकडे बघितलं. गेल्या महिन्यात त्यानं गिरिधरशी बोलणं केलं होतं ते अड्यारहून. त्याच्या आईच्या घरून.

मी स्कूटरची किल्ली उचलली.

अंबत्तूर ते अड्यार म्हणजे भर दुपारी अर्धं शहर पार करणं. सुधी मागे बसून एकसारखा बोलत होता. कुणी वायफाय चोरलं असेल, ॲपमध्ये बिघाड असेल, गिरिधर चुकला असेल. मी मात्र एकाच गोष्टीचा विचार करत होते. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारामागची फळी.

सासूबाईंचं नाव राजसबाई. मी त्यांना अम्मा म्हणते, बाकी सगळं गोत राजसक्का म्हणतं. तंजावूरकडची ही मराठी कुटुंबं चेन्नईत चहूकडे विखुरलेली आहेत, घरात अजून जुन्या पोथीतल्यासारखं मराठी बोलतात, आणि त्यांची एक रीत मला अजून नवलाची वाटते. प्रत्येकानं आपल्या घराची जादा किल्ली शेजाऱ्याकडे न ठेवता गोतातल्या एका घरी ठेवायची. ते एक घर म्हणजे अम्मांचं. दारामागच्या फळीवर खिळे आहेत आणि खिळ्यांवर तांबरमपासून अण्णा नगरपर्यंतच्या दारांच्या किल्ल्या. किल्ली घरात राहून दार ओढलं गेलं, की माणूस बसनं, मेट्रोनं, रिक्षानं अड्यारला येतो, कॉफी पितो, किल्ली नेतो. शाळेत तीस वर्षं शिकवल्यामुळे त्यात गोताबाहेरचेही आहेत. वेंकटच्या दोन्ही मुली अम्मांच्याच हाताखालून गेल्या. ठेवणाऱ्याला अम्मा काही विचारत नाहीत आणि इतरांना काही सांगत नाहीत.

अम्मांनी दार उघडलं आणि आमचे चेहरे बघून आधी पाणी आणलं.

"अम्मा, आज तुझ्याकडे कोण आलें होतें?" सुधीनं विचारलं.

"कोणी नाहीं. फोन मात्र आले."

"कोणाचे?"

"तें मी सांगूं नये."

"कां?"

"शब्द दिला आहे."

"कोणास?"

"अय्यो, तेंच सांगूं नये म्हणून तर शब्द दिला ना, कण्णा."

सुधी कपाळाला हात लावून बसला. मी उठले, स्वयंपाकघरात डोकावले. फळीवर नेहमीच्याच किल्ल्या होत्या. परत येताना देवघरापुढे थबकले. देवांच्या ओळीशेजारी पितळेचा जुना मिसळणाचा डबा होता, पाच वाट्यांचा, ज्याला इथे अंजरैपेट्टी म्हणतात. स्टीलचा नवा डबा आल्यापासून तो वर फळीवर धूळ खात असायचा. आज तो घासून लख्ख केलेला होता आणि झाकणावर तुळशीचं पान होतं.

"अम्मा, मोहरी-मेथी देवांत कधीपासून बसायला लागली?"

अम्मांनी माझ्याकडे बघितलं, मग सुधीकडे, मग खिडकीबाहेर. "मी कांही सांगितलें नाहीं," त्या म्हणाल्या. "तूं पाहिलेंस."

मी झाकण काढलं. पाच वाट्यांत पाच यंत्रं होती. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. कासू नावाच्या नाण्याचं अख्खं सरकार हिंगाच्या वासात पहुडलं होतं.

सुधी खाली जमिनीवरच बसला. मला हसू आवरेना. हसावं की त्याला सावरावं, हे ठरेपर्यंत मी दोन्ही केलं.

डबाच उघडा पडल्यावर मग अम्मांकडून हळूहळू कळलं. बालाजीराव पहिले आले. धाड पडली तर हें घरीं नको म्हणून. मग हरिणी आली. दवाखान्याची जागा भाड्याची, मालकाच्या कानावर जायला नको. मग प्रतापसिंह, मग वेंकट, शेवटी कामाक्षी. प्रत्येक जण एकटा आला. प्रत्येकाला वाटलं, राजसक्काच्या घरी कोण कशाला शोधायला येईल? आणि प्रत्येकानं जाताना बजावलं की सुधीला सांगू नका. आज निरोप आल्यावर पाचही जणांनी अम्मांना फोन केला होता. अक्का, माझें बटण तेवढें दाबा.

"पाचहि दाबलें," अम्मा म्हणाल्या. "आधीं बालाजीचें, मग हरिणीचें. आलें तसें. चुकलें काय?"

"चुकलं काहीच नाही, अम्मा. फक्त आज दुपारपासून कासूच्या मालकीण तुम्ही आहात."

अम्मांनी पदर सारखा केला. खोटं कशाला बोलू, त्यांना ते ऐकून बरं वाटलं. पण लगेच म्हणाल्या, "मज ती मालकी नको. डबा माझा, आंतलें त्यांचें."

सुधी एकदम उठला. "दे तो डबा. मी आत्ताच एकेकाच्या घरीं नेऊन देतों."

अम्मांनी झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला. "ज्यानें ठेवलें त्याच्याच हातीं देईन. तुझ्या हातीं नाहीं."

"अम्मा, मीच दिल्या त्यांस!"

"दिल्यास ना?" अम्मा शांतपणे म्हणाल्या. "मग तुझ्या कशा?"

सुधीनं डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. सात वर्षांत मी त्याला दोनदाच माघार घेताना बघितलंय आणि दोन्ही वेळा समोर अम्माच होत्या.

गिरिधरला व्हिडिओ लावून डबा दाखवला. तो इतका हसला की त्याचा चष्मा घसरला. हसणं ओसरल्यावर मात्र त्यानं अट घातली. उद्या एक संधी. पाच जणांनी येऊन आपापली किल्ली न्यायची, आपापल्या ठिकाणी जायचं आणि तिथून दोनच्या आत मत द्यायचं. नुसतं बटण दाबायची कवायत नको, खरा प्रश्न हवा. आणि किल्ल्या नेताना सुधी आणि मी त्या घरात नको.

"आणि सुधींद्र," तो म्हणाला, "वायफाय सोड. माझी खरी अडचण वेगळी आहे. किल्ल्या वाटायच्या आधी सरावात तू फोनवर एकवीस प्रश्न विचारलेस. एकविसांना पाचही जण हो म्हणाले. तू सांगतोस म्हणून मान डोलवणारी पाच माणसं म्हणजे तूच. ते मी कसं लिहून देऊ?"

खरा प्रश्न सुधीकडे तयारच होता. संध्याकाळी घरी बसून त्यानं तो लिहिला आणि पाचांना पाठवला. पाच किल्लीदारांची नावं गुप्त ठेवावीत आणि कासूचं कागदोपत्री ऑफिस दुबईला हलवावं. मला तो आवडला नाही, पण त्याचं मन मला दिसत होतं. त्याला स्वतःची भीती नव्हती. कामाक्षीला दोन लहान मुलं, बालाजीरावांना रक्तदाब, आणि हे सगळे आपल्यामुळे गोत्यात येतील, हे त्याला खात होतं.

रविवारी सकाळी आम्ही अम्मांच्या इमारतीखाली, गाड्या लावतात तिथे, स्कूटरवर बसून राहिलो. दहाच्या सुमाराला बालाजीराव आले. आम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं आणि जिना चढले. मागोमाग हरिणी आली. पहिल्या मजल्यावर दोघं समोरासमोर आले.

"अण्णा? तुम्हीं इकडे कुठें?"

"मी? घरची किल्ली न्यावयास."

"मीहि," हरिणी म्हणाली.

तेवढ्यात खालून प्रतापसिंह आणि वेंकट चढले आणि तेही घराचीच किल्ली न्यायला आले होते. कामाक्षी शेवटी आली, तिनं जिन्यातली गर्दी बघितली आणि तिला सगळं एका क्षणात उमगलं. "अय्यो, सर्वांनींच?" असं म्हणून ती जी हसायला लागली, ते तिचं हसणं आम्हाला खालपर्यंत ऐकू आलं.

मग दार बंद झालं.

पंधरा मिनिटांचं काम. आत जायचं, आपलं यंत्र घ्यायचं, निघायचं. अर्धा तास झाला, कुणी येईना. वरून कॉफीचा वास आला. मग आवाज चढले. बालाजीरावांचा रेल्वेतला ठणठणीत आवाज, त्यावर वेंकटचं तमिळ, त्यावर हरिणी. एकही शब्द नीट कळत नव्हता. सुधी स्कूटरवरून उतरला, बसला, परत उतरला.

"भांडत आहेत," तो म्हणाला. "मी जरा वर जाऊन समजावूं?"

मी त्याचा शर्ट मागून धरला. "बस खाली."

"त्यांस प्रश्नच कळला नसेल, रुचा."

"तुला न विचारता सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कासूबद्दल भांडतंय. भांडू दे."

अम्मा वर गॅलरीत आल्या, आमच्याकडे बघितलं, जिन्याकडे बोट करून मानेनं नाही म्हटलं आणि आत गेल्या. सुधी निमूटपणे बसला.

साडेअकराला पाचही जण उतरले. प्रत्येकाच्या हातात आपापलं यंत्र. हरिणी आपलं नाकाशी नेऊन तोंड वाकडं करत होती. आमच्याशी कुणी बोललं नाही. बालाजीरावांनी तर मान वळवून फाटक गाठलं. कामाक्षीनं तेवढं माझ्याकडे बघितलं आणि बसच्या थांब्याकडे जवळजवळ पळत गेली. तिला बसनं पार अंबत्तूर गाठायचं होतं.

आता नुसती वाट बघायची. सुधीच्या फोनवर पाच नावं, पुढे पाच राखाडी ठिपके. प्रत्येक मतासोबत एक ओळ लिहायची सोय होती.

बालाजीराव जवळच राहायचे. त्यांचा ठिपका आधी हिरवा झाला. हो. शेजारी ओळ, 'सुधी सांगतो म्हणून.'

"बघ," सुधी म्हणाला.

साडेबाराला हरिणी. ठिपका लाल. नाही.

सुधीनं फोन डोळ्यांजवळ नेला. "चुकून दाबलें असेल."

'चुकून नाहीं,' हरिणीनं लिहिलं होतं. ती त्याला लहानपणापासून ओळखते.

मला एकदम हसू यायला लागलं. मग प्रतापसिंह, तांबरमहून, हिरवा. 'मज भय आहे, लपवा.' मग वेंकट, अंबत्तूरहून, लाल. त्यानं तमिळमध्ये दोनच शब्द लिहिले होते, बोर्ड लावा.

दोन हो, दोन नाही. दीड वाजून गेला होता आणि कामाक्षीचा पत्ता नव्हता.

"ती बसमध्यें अडकली," सुधी म्हणाला. मग म्हणाला, "ती हो म्हणेल. मुलें आहेत तिला." त्याचा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला होता. जुनी किल्ली अजून जिवंत होती. गिरिधरनं लिहून देईपर्यंत ती जिवंतच राहणार होती आणि तिच्या एका दाबानं पाचांचं मत रद्द करता येत होतं. हे मला माहीत होतं, गिरिधरला माहीत होतं आणि सुधीला तर होतंच.

दोनला पाच मिनिटं कमी असताना कामाक्षीचा ठिपका हलला. लाल. खाली ओळ आली. 'लपलों म्हणून पाचहि जण एका डब्यांत सांपडलों. आतां नांवानिशी बसूं. संघाच्या दारावर पांच नांवें लावूं आणि आमचे आम्हीच सरकारी ऑफिसांत जाऊन नोंद करूं. विचारूं दे ज्याला विचारायचें त्याला.'

तीन नाही. सुधीचा प्रश्न फेटाळला गेला.

सुधीनं यंत्र गळ्यातून काढलं.

"त्यांस कळत नाहीं, रुचा. उद्यां कोणी नोटीस पाठविली तर पहिलें नांव कामाक्षीचें. मी हें होऊं देऊं?"

"तिनं विचार करून लिहिलंय."

"एकदां उलटवितों. एकदांच. मग मोडतों, शप्पथ."

"सुधी!" मी ओरडले. शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायला लागला, बघू दे. "तू हे एकदा दाबलंस की त्या पाचही किल्ल्या परत डब्यात गेल्या. आणि आता डबा अम्मांचा नाही, तुझा. त्यांना काय वाटेल ते जाऊ दे, मला काय वाटेल? मी वाट बघून बघून थकलेय रे. मला तू पाहिजेस. हे गळ्यातलं नको."

मला रडू आलं. रागानं आलं, आशेनं आलं, खरं तर दोन्हीनं. सुधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं कामाक्षीची ओळ परत वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा वाचताना मात्र त्याच्या गालावर खळी पडायला लागली.

"रुचा," तो हळूच म्हणाला, "मी हरलों काय?"

"हरलास."

"खरेंच? म्हणजे मी सांगितलें, आणि ते नाहीं म्हणाले?"

"तोंडावर."

"हरलों!" तो स्कूटरवरून उडीच मारून उतरला. "अम्मा! अम्मा, मी हरलों!"

गॅलरीत अम्मा आल्या. पाठोपाठ आणखी दोन गॅलऱ्यांत माणसं आली. चाळिशीकडे झुकलेला एक माणूस भर दुपारी गाड्यांमध्ये उड्या मारत आपण हरल्याचं जाहीर करतोय, असं दृश्य त्यांनी आधी बघितलेलं नसावं. मीही उड्या मारायला लागले. चपलेचा अंगठा तुटला, तरी मारत राहिले.

फोन वाजला. गिरिधर.

"पाच ठिकाणं," तो म्हणाला. "मतं दोन तऱ्हेची. तू हरलास, उलटवायची किल्ली हातात होती आणि दोन वाजून गेले तरी तू ती वापरली नाहीस. आणखी काय हवं मला? लिहितोय. मोड ती जुनी."

मोडायचं म्हणजे दोन बटणं एकदम दाबून धरायची. सुधीनं एक धरलं आणि दुसरं माझ्यापुढे केलं. आम्ही दोघांनी मिळून दाबलं. छोट्या पडद्यावर एक रेघ आली, मिटली आणि काळं झालं. इतकंच. त्यानं तो काळा दोरा मोडक्या यंत्रासकट अम्मांना नेऊन दिला. अम्मांनी विचारलं, आतां हें कशाचें? कशाचेंच नाहीं, तो म्हणाला. त्यांनी तरीही तो फळीवरच्या एका रिकाम्या खिळ्याला लटकवला.

मी अम्मांच्या चपला घातल्या आणि आम्ही स्कूटरवरून परत अंबत्तूरला सुटलो. या वेळी सुधी चालवत होता आणि गाणी म्हणत होता. तमिळ, बेसूर, पाठ नसलेली. फोन माझ्या पर्समध्ये होता, बंद. तो मागायला एकदाही मागे वळला नाही.

संघाच्या दारावर पाच नावांचा पुठ्ठा आधीच लागला होता. वेंकटनंच लिहिलेला, शाई अजून ओली. दाराशी टेबल मांडून एक बाई बसल्या होत्या. नव्या असाव्यात, सुधीला ओळखत नव्हत्या. आत व्यासपीठावर पाच खुर्च्या, कामाक्षी माइक हातात घेऊन उभी.

"नींग यारु, सार?" बाईंनी विचारलं. तुम्ही कोण?

सुधीनं दारावरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. पाचही नावं नीट वाचली. त्यात त्याचं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचं तोंड असं फुललं होतं की मला साताऱ्याच्या मांडवातला तो दिवस आठवला.

"नान्?" तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की माइकवरची कामाक्षीही थांबली. "यारुम् इल्लै! रुचा, मी कोणी नाहीं!"

बाईंनी गोंधळून मागच्या रांगेकडे बोट केलं. तिथे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही जाऊन बसलो.